सुरती घारी, मग सत्तर

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जेवायला येतो आणि तिने ओवाळल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, हे तुमच्याकडेही असेल. पण माझा भाऊ या बाबतीत फार हट्टी. मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हापासून दर भाऊबीजेला तो भुसावळच्या गाडीने यायचा, पिशवीत भरताची हिरवी वांगी घेऊन. गाडीला कितीही उशीर होवो, दुपार कलंडो, तो चहासुद्धा घ्यायचा नाही. आमचे हे होते तोवर म्हणायचे, "अरे, चहाला कसली आलीय भाऊबीज?" तर हा माझ्याकडे बोट करायचा. "आक्का, पहिले दिवा. मंग बाकी." लग्न झालं, नातवंडं झाली, केस पिकले, तरी तेच.

यंदा तो येणार नव्हता. नवरात्राच्या आधी त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आणि मी जाणार नव्हते, कारण माझा गुडघा बदललेला. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत गेले तरी मोठा प्रवास झाल्यासारखं वाटायचं, तिथे खानदेश कुठला.

पण मुलाने एक सोय करून दिली होती. त्याचा जुना लॅपटॉप त्याने हॉलमधल्या टेबलावर कायमचा मांडून ठेवला. माझा फोन बटणांचा, आणि छोट्या काचेत मला काही दिसत नाही. रोज संध्याकाळी त्या लॅपटॉपवर भाऊ दिसायचा, थेट मोठा. तिकडे भाचेसून आपला फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून त्याच्यापुढे उभा करायची. तो बोलायचा नाही, मी बोलायचे. तो डावा हात उचलायचा. झालं आमचं बोलणं.

लॅपटॉप म्हणजे काय, बिजागरी कुरकुरते, बॅटरी मेलेली, वायर काढली की दिवा विझल्यासारखा विझतो. 'एच'चं बटण लहरी, कधी उमटतं, कधी नाही. पण माझा भाऊ त्यात राहत होता, म्हणून मी रोज पदराने त्याची काच पुसायचे.

धनतेरसच्या आधी आमचा वायफायचा डबा जळाला. नवीन आला. तो सुनेने लावून घेतला, तिच्या आणि मुलाच्या फोनला जोडला. सणाच्या गडबडीत लॅपटॉप जोडायचा राहिला. ते दोन-चार दिवस सुनेच्या फोनवरच भावाला ओझरतं पाहिलं. भाऊबीजेच्या सकाळी ती लॅपटॉप जोडायला बसणार, तेवढ्यात तिचा भाऊ गाडी घेऊन खाली हॉर्न वाजवायला लागला. ते सगळे सापुताऱ्याला निघाले होते.

माझी सून सुरतचीच, गुजराती. माझ्याशी मात्र मराठीत बोलते, अगदी हट्टाने. ती म्हणाली, "मम्मी, मी नाही जात. तुम्ही एकट्या कशा राहाल?"

मीच म्हटलं, "जा गं. भाऊबीज आहे. दोघींपैकी एकीला तरी भाऊ भेटू दे."

"मग मी रस्त्यातून फोन करून सांगते. दोन मिनिटाचं काम आहे."

ती गेली. मुलगा तर पहाटेच हजीऱ्याला गेलेला, गॅसच्या प्लांटमध्ये. तिथे फोन फाटकावर जमा करावा लागतो, सुटी होईपर्यंत तो नसल्यासारखाच. आणि सोसायटी म्हणाल तर दिवाळीत आमच्याकडे कोण असतं? सौराष्ट्राचे सगळे 'देशात', म्हणजे आपल्या गावी गेलेले, सुरती लोक फिरायला गेलेले. प्रत्येक दाराला कुलूप आणि कुलपाखाली रांगोळी. वॉचमनसुद्धा गावी, त्याच्या जागी एक म्हातारबाबा बसलेला, त्याच्याकडे माझ्यासारखाच बटणांचा फोन.

मी ताट तयार केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. लॅपटॉपसमोर पाट ठेवला, पाटावर कुणी बसणार नाही हे माहीत असून. म्हटलं, जोडलं गेलं की लगेच ओवाळते.

तेवढ्यात भाचेसुनेचा फोन आला. ती मला फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"फुई, बाबांना सकाळी साखरेचं इंजेक्शन दिलं. आता जेवतच नाहीत ते."

"का? काय झालं?"

"तोंडच उघडत नाहीत. दात आवळून बसले आहेत. फोन टेकवते त्या पेल्याकडे बोट करतात, मग कपाळाला बोट लावतात."

माझ्या लक्षात आलं. तो टिळ्यासाठी बसला होता. पहिले दिवा, मंग बाकी. वाचा गेली, अर्धं अंग गेलं, पण हे नव्हतं गेलं.

ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांना मी काही सांगायला नको. ते इंजेक्शन दिलं आणि माणूस जेवला नाही, तर साखर खाली खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस गुंगीत जातो. पूर्वी एकदा त्याला तसं झालं होतं, शेजाऱ्यांनी उचलून नेलं होतं.

मी म्हटलं, "फोन त्याच्या कानाला लाव." तिने लावला. मी म्हटलं, "भाऊ, जेवी ले. मी आठेच शे, इथेच. मी दिवा लावला आहे बघ." मग भाचेसून म्हणाली, "फुई, मान हलवतात. नाही म्हणतात. तुम्ही दिसायला पाहिजे. महिनाभर तुम्हाला बघायची सवय झाली आहे त्यांना."

"साखर चोळ ओठांना."

"चोळली. पुसून टाकतात डाव्या हाताने."

भाचा गाडी बघायला गेला होता. गावातला डॉक्टर सणाला बाहेर, तालुक्याला न्यायचं तर दिवाळीत गाडी कोण देतो. मी म्हटलं, "मी दिसते. आत्ता दिसते. तू पेल्यापाशी फोन तयार ठेव."

मी लॅपटॉप उघडला आणि सुनेला फोन लावला. ती गाडीत होती, मागे मुलांचा कालवा.

"मम्मी, खाली कोपऱ्यात पंखा उघडल्यासारखं चित्र आहे ना, त्यावर क्लिक करा. आपलं नाव दिसेल. त्याच्या शेवटी पाच लिहिलेलं."

मी क्लिक केलं. नावं आली, ढीगभर. खालच्यांचं, वरच्यांचं, समोरच्या बिल्डिंगचं, एक जय माताजी. माणसं कुलपं लावून गावी गेलेली, त्यांचे डबे मात्र घरात दिवे लावून बसलेले. आपलं पाचवालं नाव मात्र नाही.

"नाही दिसत गं."

"दिसायला पाहिजे, मम्मी. नीट बघा." आणि तिचा आवाज तुटायला लागला. डांगचं जंगल लागलं की फोन असाच तुटतो. "पासवर्ड लिहून घ्या तोवर. सुरती घारी. सगळं लहान अक्षरात, मध्ये जागा नाही." तिने एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं. मी मिठाईच्या खोक्यावर लिहिलं. इंग्रजी अक्षरं मी शाळेत नाही शिकले, घरी बसून साड्यांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायचे तेव्हा शिकले, पण येतात. "आणि मग सत्तर. लिहिलं? सुरती घारी, मग सत्तर."

"लिहिलं. पण नावच दिसत नाही, त्याचं काय करू?"

फोन गेला होता. परत लावला, तर बाई सांगते, संपर्क क्षेत्राबाहेर.

नेटवाल्याचा नंबर डब्यावरच चिकटवलेला होता. तो लावला. तो आपल्या गावी, मागे म्हशीचा आवाज. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "माजी, लॅपटॉप जूनो छे?"

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याहून जुना. गुडघा तर गेल्या महिन्यातला आहे."

तो हसला. मला हसू येत नव्हतं, तोंडातून गेलं इतकंच. म्हणाला, पाचवालं नाव नव्या मशिनींसाठी असतं, जुन्याला ते दिसतच नाही. तेच नाव पाचाशिवाय असेल, ते बघा. मी बघितलं. होतं. इतका वेळ डोळ्यांसमोर होतं आणि मी पाच शोधत होते.

त्यावर क्लिक केलं, खोक्यावरचं बघून एकेक अक्षर दाबलं. चाक फिरलं. आणि इंग्रजीत आलं की चावी चुकीची आहे.

'एच' उमटलं नसेल म्हणून पुन्हा केलं. डोळ्याचं चित्र दाबलं की लिहिलेलं दिसतं, ते दाबून पाहिलं. सगळी अक्षरं जागेवर, 'एच' आहे, शेवटी सात आणि शून्य. चावी चुकीची.

नेटवाला म्हणाला, डब्याच्या खाली छापलेला पासवर्ड टाका. मग स्वतःच म्हणाला, "ना, ए तो तमारी वहूए बदली नाख्यो छे, मारी सामेज." सुनेने तो त्याच्यासमोरच बदलला होता. वायरने जोडता येईल का विचारलं. जुन्या लॅपटॉपला वायरीचं भोक असतं म्हणाला. भोक होतं. वायर नव्हती. ती पिवळी वायर मी स्वतः दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला दिली होती, कशाची आहे कळेना म्हणून.

"तर मग डब्याच्या मागे एक बारीक छिद्र आहे," तो म्हणाला, "त्यात पिन घातली की सगळं पहिल्यासारखं होतं. पण तुम्ही नका घालू, माजी. तुमच्या लाईनची सेटिंगही उडेल. मग घरात कुणाचंच नेट चालणार नाही, मीच यायला हवं. आणि हुं तो लाभपाचम पछी आवीश." लाभपंचमीनंतर येणार म्हणे, आज तर बीज.

मी फोन ठेवला. डबा बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि तो चालू होईपर्यंत माणसाने स्वयंपाक करावा, इतका वेळ घेतो. पुन्हा चावी चुकीची. घारीत 'एच' नसेल म्हणून काढून पाहिला. पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं. सत्तर अक्षरात लिहून पाहिलं. मराठी आकडा ते मशीन घेईना. सुनेला फोन, संपर्क क्षेत्राबाहेर. मुलाला फोन, वाजतोय, फाटकावरच्या खोलीत एकटाच वाजत असणार.

भाचेसुनेचा फोन आला. "फुई, घाम सुटलाय त्यांना. दिसता का?"

"दिसते. थांब जरा."

"गाडी मिळाली, पण यायला वेळ आहे. फुई, तुम्ही लवकर करा ना."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. मागून भावाचा एक घोगरा आवाज आला, शब्द नसलेला. तो मला हाक मारत होता असं मला वाटलं. कदाचित नसेल मारत.

निरांजनातली वात संपत आली होती. मी तूप घातलं. घाईत अर्धं ताटातच सांडलं. देवाला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. सुनेला काय म्हणाले तेही. घारी म्हणे. इतकी नावं आहेत जगात, बाईला चावी म्हणून खायची वस्तूच सुचली.

मग मी पदराची सेफ्टी पिन काढली.

म्हटलं, जाऊ दे सेटिंग उडत असेल तर. पहिल्यासारखं होतं म्हणतो ना, छापलेला पासवर्ड लागेल, नेट चाललं नाही तर नाही, पण करून तर बघू. नाहीतरी काय आहे आता हातात. माणूस असा विचार करतो बघा, बुडताना. नेट उडाल्यावर लॅपटॉप डब्याला जोडला काय नि न जोडला काय, भाऊ थोडाच दिसणार होता? पण तेव्हा ते सुचलं नाही. मी डबा उचलला, मागे वळवला, छिद्र सापडलं, पिन त्यात टेकवली. दाबायला म्हणून पुढे वाकले, आणि गुडघ्याने जागच्या जागी मला धरलं.

किती वेळ एका जागी बसले होते कुणास ठाऊक. डॉक्टरांनी बजावलेलं, असं बसायचं नाही. पाय आखडला, पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे अंधारी. पिन सुटून कुठे पडली कळलं नाही. पाय सरळ केल्याशिवाय मला हलताच येईना. म्हणून खुर्चीच्या कडेला सरकून मी रोजचा व्यायाम सुरू केला. पाय सरळ वर, खाली. वर, खाली.

हा व्यायाम सून माझ्याकडून करून घेते, रोज सकाळी. वीस वेळा. मी चुकवते, सोळाला वीस म्हणते, म्हणून मोजायचं काम तिने आपल्याकडे घेतलं आहे. समोर उभी राहून मोजते. बाकी सगळं माझ्याशी मराठीत बोलणारी ती बाई मोजते मात्र गुजरातीत. तिचं मोजणं माझ्या पायात बसलं आहे. मीही तसंच मोजायला लागले, रडत रडत, तिच्याच चालीत. तेर. चौद. पंदर. सोळ. सत्तर. अढार.

अढारला पाय हवेत थांबला.

सोळानंतर सत्तर. गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा. आपल्या सत्तरला ते सित्तेर म्हणतात. आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माझा सगळा संसार सुरतेत झाला. भाजीवाला सत्तर म्हणाला तर मी सतरा काढून देईन, डोळे मिटून. पण सून माझ्याशी मराठीत बोलत होती ना. लिहा म्हणाली, लहान अक्षरात म्हणाली, जागा नाही म्हणाली, सगळं मराठीत. मग सत्तरही मी मराठीतलं घेतलं. तिने बोलायला माझी भाषा घेतली होती, आकडा मात्र तिच्या आईचा होता. आणि सतरा तारखेला तर माझ्या मुलाचं न् तिचं लग्न झालेलं.

मी पाय खाली ठेवला. दुखत होता की नाही, आठवत नाही. एकेक अक्षर दाबलं, 'एच' दोनदा दाबलं, एक जास्तीचं उमटलं ते पुसलं. शेवटी एक आणि सात. चाक फिरलं. फिरत राहिलं. मी काचेकडे बघितलंच नाही, निरांजनाकडे बघत बसले. मग कोपऱ्यातलं ते पंख्याचं चित्र पांढरं झालेलं दिसलं.

रोजच्यासारखा तिकडे कॉल लावला आणि भाऊ दिसला. मान एका बाजूला कललेली, कपाळ घामाने चकचकीत, डोळे अर्धे मिटलेले. टोपी घातलेली होती, सणाची, पांढरी. कुणीतरी त्याला नीट तयार करून बसवलं होतं.

"भाऊ," मी म्हटलं. "आठे दख. माझ्याकडे बघ."

त्याने डोळे उघडले. मी बोट कुंकवात बुडवलं आणि काचेवर त्याच्या कपाळाला टिळा लावला. अक्षता टाकल्या, त्या बटणांवर सांडल्या. निरांजन उचललं आणि ओवाळायला लागले. तिकडे भाचेसूनही हुशार, तिने तिथल्या कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं, माझं लावून होताच. त्याचा डावा हात उठला.

आणि चित्र थांबलं. म्हातारा लॅपटॉप, तो तरी किती ओढणार. भावाचा हात अर्ध्यावर, तोंड घट्ट मिटलेलं, माझं कुंकू त्याच्या भुवईच्या थोडं वर. आवाज नाही, हालचाल नाही. मी ओवाळतच राहिले. थांबले तर काय होईल या भीतीने थांबता येईना. थिजलेल्या चेहऱ्यापुढे दिवा फिरवत होते आणि मनात एकच, उघड रे बाबा तोंड, उघड.

पदराखालचा बटणांचा फोन वाजला. मला निरांजन खाली ठेवायचंही सुचलं नाही, एका हातात दिवा, एका हातात फोन.

"फुई," भाचेसून म्हणाली.

"काय झालं? बोल ना गं."

"घास घेतला. गोड शिरा. दुसरा मागतात."

आता ती रडत होती. मी खाली बसले. म्हणजे बसलेच होते, पण तेव्हा बसल्यासारखं वाटलं.

गाडी आलीच होती, म्हणून जेवला तरी ते त्याला तालुक्याला घेऊन गेले, बरंच केलं. रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. पुढचं पुढे. त्या दिवसापुरता तो जेवला.

दिवेलागणीला सुनेचा फोन आला. सापुताऱ्यावर एका उंच जागी उभी राहून बोलत होती, वारा ऐकू येत होता. "मम्मी, सॉरी, दिवसभर नेटवर्कच नव्हतं. लॅपटॉप जोडला का? मामांना ओवाळलं?"

मी म्हटलं, "ते सांगते नंतर. आधी तू सांग, सोळानंतर काय येतं?"

"सत्तर," ती पटकन म्हणाली. मग थांबली. "हाय हाय, मम्मी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं होतं?"